तिजोरी मोठी, मेज लहान : मोठ्या फाइलींचे कूटबद्धीकरण आणि संगणकाची स्मृती

आर्थिक वर्ष संपले की लेखापरीक्षणाचे दिवस सुरू होतात. पूर्वी या दिवसांत व्हाउचरांचे गठ्ठे दोरीने बांधून लेखापरीक्षकांच्या कार्यालयात पोहोचवले जात. आता त्याच व्हाउचरांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका मोठ्या फाइलीत एकत्र केल्या जातात. ती फाइल कूटबद्ध केली जाते, म्हणजे योग्य किल्लीवाचून कोणालाही वाचता येणार नाही अशा रूपात बदलली जाते, आणि तळहातावर मावणाऱ्या डिस्कवरून रवाना होते. ही पद्धत सोयीची आहे व सुरक्षितही आहे. मात्र तिच्यात एक असा धोका दडलेला आहे की, ज्याची कल्पना बहुतेकांना प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच येते.

आमच्या परिचयाच्या एका सहकारी पतसंस्थेत असेच घडले. संस्थेतील एका होतकरू तरुणाने या कामासाठी दोन ओळींची आज्ञावली तयार करून दिली होती. पहिली ओळ फाइल कूटबद्ध करी. दुसरी ओळ मूळ फाइल पुसून टाकी. संगणक लिनक्स प्रणालीवर चालणारा, आठ जीबी स्मृतीचा होता. पहिल्या वर्षी फाइल ४०० एमबीची होती, दुसऱ्या वर्षी ९०० एमबीची. दोन्ही वर्षे काम निर्विघ्न पार पडले. तिसऱ्या वर्षी शाखा वाढल्या आणि फाइल तीन जीबीची झाली. आज्ञावली चालवली, थोड्या वेळाने पडदा पुन्हा पूर्वीसारखा शांत झाला, ठरलेल्या नावाची नवी फाइलही दिसू लागली. ती डिस्कवर घालून पाठवण्यात आली. चौथ्या दिवशी लेखापरीक्षकांचा दूरध्वनी आला, “फाइलीचा आकार शून्य दिसतो आहे.” मूळ फाइल तोवर पुसली गेली होती. सुदैवाने कागदी व्हाउचर कपाटात होते. ते पुन्हा स्कॅन करण्यात अकरा दिवस गेले. कागद नसता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

या घटनेत चोरी नव्हती, विषाणू नव्हता, यंत्रही बिघडले नव्हते. संगणकाची स्मृती अपुरी पडली, एवढेच झाले. पण आठ जीबीच्या स्मृतीला तीन जीबीची फाइल जड का व्हावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

तिजोरी आणि मेज

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. डिस्कवरील साठवण ही बँकेच्या तिजोरीसारखी आहे. तेथे पुष्कळ मावते आणि वीज गेली तरी ते टिकते. स्मृती, म्हणजे ज्याला आपण रॅम म्हणतो ती, रोखपालाच्या मेजासारखी आहे. प्रत्यक्ष काम तेथेच होते, ते वेगाने होते, पण जागा मर्यादित असते आणि दिवस संपला की मेज रिकामे होते.

तिजोरीतील सर्व रोकड मोजावयाची झाल्यास अनुभवी रोखपाल काय करतो? तो संपूर्ण तिजोरी मेजावर ओतत नाही. शंभर नोटांचे एक पाकीट घेतो, मोजतो, बाजूला ठेवतो आणि दुसरे घेतो. तिजोरीत दहा पाकिटे असोत वा दहा हजार, मेज तेवढेच लागते. वेळ मात्र पाकिटांच्या संख्येनुसार वाढतो. कामाची जी रीत अशी असते, तिला संगणकाच्या परिभाषेत प्रवाही पद्धत म्हणता येईल. फाइलीचा एक छोटा भाग वाचावा, त्यावर प्रक्रिया करावी, तो लिहून टाकावा, आणि त्याच जागेत पुढचा भाग घ्यावा. याउलट संपूर्ण फाइल एकदम स्मृतीत घेणारी साधनेही आहेत. लहान फाइलींवर दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात. फरक दिसतो तो फाइल वाढल्यावर.

सोळा बाइटांचा हिशेब

कूटबद्धीकरणाला स्वतःला किती स्मृती लागते, हे प्रथम पाहू. आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत एईएस ही होय. बेल्जियमचे योन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी तयार केलेली ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. तिच्या आधीचे १९७७ चे डीईएस हे मानक ५६ बिटांच्या किल्लीवर चालत असे. १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने ती किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली आणि नव्या मानकाची निकड सर्वांना पटली.

एईएस एका वेळी फक्त १६ बाइटांचा ठोकळा हाताळते. २५६ बिटांची, म्हणजे ३२ बाइटांची किल्ली वापरली तर प्रत्येक ठोकळ्यावर १४ फेऱ्या होतात. या फेऱ्यांसाठी मूळ किल्लीपासून तयार होणाऱ्या उपकिल्ल्यांना मिळून २४० बाइट लागतात. आधीच्या ठोकळ्याचा परिणाम पुढच्यात मिसळण्यासाठी आणखी १६ बाइट जपावे लागतात. म्हणजे तत्त्वतः काही शे बाइटांत काम भागते. तीन जीबीच्या फाइलीत असे २० कोटींहून अधिक ठोकळे असतात, पण ते एकामागून एक येतात. मेजावर एका वेळी एकच असतो.

प्रत्यक्षात डिस्कवरून १६-१६ बाइट वाचणे अत्यंत संथ ठरेल. म्हणून साधने थोडा मोठा भाग उचलतात. ओपनएसएसएल या सुप्रसिद्ध साधनसंचातील फाइल कूटबद्ध करणारी ‘एन्क’ ही आज्ञा मूलतः आठ किलोबाइटांचा भाग घेऊन चालते. एज हे नवे साधन ६४ किलोबाइटांचे तुकडे पाडते. ग्नू प्रायव्हसी गार्ड, म्हणजेच जीपीजी, हेही फाइलीचा प्रवाह वाचत वाचत पुढे जाते. या साधनांनी तीन जीबी काय, तीनशे जीबीची फाइल कूटबद्ध केली तरी फाइलीच्या आकारामुळे स्मृतीची गरज वाढत नाही.

सार्वजनिक किल्लीचा वापर केला तरी यात फरक पडत नाही, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. आरएसए पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीने, प्रचलित जुन्या भरणीसह, एका वेळी जास्तीत जास्त २४५ बाइट कूटबद्ध करता येतात. म्हणून संपूर्ण फाइल कधीच आरएसएने कूटबद्ध करीत नाहीत. फाइलीसाठी एक यादृच्छिक किल्ली तयार करतात, फाइल एईएससारख्या पद्धतीने कूटबद्ध करतात आणि केवळ ती छोटी किल्ली सार्वजनिक किल्लीने बंद करून सोबत जोडतात. मोठ्या कपाटाची किल्ली छोट्या मोहोरबंद लिफाफ्यात घालावी, तसाच हा प्रकार आहे.

मग मेज भरते कशाने?

तत्त्व इतके सरळ असताना स्मृती अपुरी पडते, याची चार प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे संपूर्ण फाइल एकदम मागणारी रचना. पतसंस्थेतील आज्ञावली पायथन भाषेतील फर्नेट या सुविधेवर आधारलेली होती. ही सुविधा चांगली आहे, सुरक्षित आहे, पण ती संदेशांसाठी आहे. स्मृतीत सहज मावणाऱ्या माहितीसाठीच ती योग्य असून फार मोठ्या फाइलींसाठी नाही, असे तिच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे. ती मूळ मजकूर स्मृतीत घेते, त्याचे कूटरूप तयार करते, त्याला शीर्षभाग जोडून आणखी एक प्रत करते आणि शेवटी सर्व काही साध्या अक्षरांच्या रूपात लिहिते. या शेवटच्या रूपांतरात दर तीन बाइटांचे चार बाइट होतात. आता हिशेब मांडावा. मूळ तीन जीबी, कूटरूप तीन जीबी, जोडलेली प्रत तीन जीबी आणि अक्षररूप चार जीबी, अशी तेरा जीबीची मागणी झाली. संगणकात आठ जीबी होती. ९०० एमबीच्या फाइलीला याच हिशेबाने सुमारे चार जीबी पुरले होते, म्हणून दुसऱ्या वर्षी कोणाला शंका आली नाही.

स्मृती पूर्णपणे संपत आली की लिनक्स प्रणाली संपूर्ण संगणक ठप्प होऊ नये म्हणून सर्वाधिक स्मृती अडवून बसलेला कार्यक्रम सक्तीने बंद करते. येथे तेच झाले. निर्गत फाइलीचे नाव मात्र आधीच तयार झाले होते, कारण निर्गत एखाद्या फाइलीकडे वळवली की ती रिकामी फाइल काम सुरू होण्यापूर्वीच निर्माण होते. आणि दुसरी ओळ, पहिली यशस्वी झाली की नाही हे न पाहता, आपले काम करून मोकळी झाली.

दुसरे कारण म्हणजे लांबी आधी सांगावी लागणारे नमुने. डिजिटल प्रमाणपत्राच्या आधारे फाइल कूटबद्ध करण्यासाठी ओपनएसएसएलमध्ये ‘सीएमएस’ आणि ‘एसमाइम’ या आज्ञा आहेत. त्यांच्या नमुन्यात मजकुराची एकूण लांबी मजकुराच्या आधी लिहिण्याची पद्धत आहे. लांबी आधी लिहावयाची तर सर्व मजकूर आधी तयार हवा, म्हणून ही साधने तो स्मृतीत जमवतात. ‘स्ट्रीम’ हा पर्याय दिल्यास लांबी आधी न सांगता तुकड्यातुकड्याने लिहिता येते आणि कूटबद्ध करण्याचे काम थोड्या स्मृतीत होते. मात्र अशी फाइल उलगडताना संपूर्ण रचना स्मृतीत वाचून घेतली जाते. म्हणजे पाठवणाऱ्याचे काम सहज व्हावे आणि घेणाऱ्याचा संगणक अडखळावा, असे घडू शकते. फाइल कोणाच्या यंत्रावर उघडली जाणार आहे, याचा विचार पाठवणाऱ्यानेच करावयास हवा.

तिसरे कारण कूटबद्धीकरणाचे नसून त्याच्या जोडीदाराचे आहे. कूटबद्ध करण्यापूर्वी फाइल आकुंचित करण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे, कारण कूटबद्ध झालेली फाइल नंतर आकुंचित होत नाही. पण चांगले आकुंचन करणारी साधने मजकुरातील पुनरावृत्ती शोधण्यासाठी मागचा बराच मजकूर स्मृतीत जपून ठेवतात. एक्सझेड या साधनाच्या नेहमीच्या सहाव्या पातळीला ९४ एमबी स्मृती लागते. नवव्या पातळीला ६७४ एमबी लागते. उलगडताना हीच मागणी अनुक्रमे ९ एमबी आणि ६५ एमबी इतकी खाली येते. जीपीजी स्वतः जे आकुंचन करते त्याची मागणी याहून पुष्कळच कमी असते. स्कॅन केलेली चित्रे बहुधा आधीच आकुंचित असतात. त्यांच्यावर नववी पातळी लावून काही पदरात पडत नाही, खर्च मात्र होतो.

चौथे कारण मात्र दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे. परवलीच्या वाक्यापासून किल्ली तयार करावयाची असते, तेव्हा चोराला लक्षावधी अंदाज झटपट तपासता येऊ नयेत म्हणून ही क्रिया जाणीवपूर्वक महाग केली जाते. ओपनएसएसएलच्या ‘एन्क’ आज्ञेतील पीबीकेडीएफ-२ ही पद्धत तीच क्रिया वारंवार करते. मूलतः १०,००० वेळा. तिला स्मृती जवळजवळ लागत नाही. २००९ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांनी मांडलेली एसक्रिप्ट ही पद्धत वेळेबरोबर स्मृतीचीही मागणी करते, कारण चोराला वेग वाढवणे सोपे असले तरी प्रत्येक अंदाजासाठी मोठी स्मृती पुरवणे महाग पडते. एज हे साधन परवलीच्या वाक्यासाठी एसक्रिप्ट वापरते आणि त्याच्या नेहमीच्या मांडणीत त्यासाठी २५६ एमबी लागतात. २०१५ मधील स्पर्धेत विजयी ठरलेल्या आर्गॉन-२ या पद्धतीच्या २०२१ मधील मानकात पहिली शिफारस दोन जीबीची आहे आणि स्मृती कमी असल्यास ६४ एमबीची दुसरी शिफारस आहे.

ही स्मृती फाइलीच्या आकाराशी निगडित नसते, हे ध्यानात घ्यावे. दहा केबीच्या फाइलीलाही ती तितकीच लागते आणि किल्ली तयार होताच मोकळी होते. ती पाहून साधन सदोष आहे असे समजू नये. परवलीच्या वाक्याऐवजी सार्वजनिक किल्ली वापरली तर ही मागणी मुळातच उद्भवत नाही.

शिक्का शेवटी की प्रत्येक पाकिटावर?

फाइल केवळ गुप्त राहणे पुरेसे नाही. वाटेत तिच्यात फेरफार झालेला नाही याचीही खात्री हवी. त्यासाठी आधुनिक पद्धतींत कूटरूपासोबत एक पडताळणीचा शिक्का दिलेला असतो. हा शिक्का कोठे ठेवावा, या प्रश्नाचा स्मृतीशी निकटचा संबंध आहे.

एईएसची जीसीएम ही लोकप्रिय रीत संपूर्ण संदेशाच्या अखेरीस १६ बाइटांचा एक शिक्का देते. दिवसाच्या शेवटी रोजकीर्दीची बेरीज जुळावी, तशी ही तजवीज आहे. आता उलगडणाऱ्यापुढे पेच पडतो. शिक्का जुळेपर्यंत मजकूर बाहेर देऊ नये, हा सुरक्षेचा नियम आहे. पण तोवर तो ठेवायचा कोठे? सर्व मजकूर स्मृतीत धरून ठेवावा, तर स्मृती अपुरी पडते. तुकडा तुकडा बाहेर देत जावे, तर शेवटी शिक्का खोटा निघाल्यास बनावट मजकूर आधीच हातातून गेलेला असतो. हीच अडचण ओळखून ओपनएसएसएलची ‘एन्क’ आज्ञा जीसीएमसारख्या रीती स्वीकारतच नाही, आणि पुढेही स्वीकारणार नाही असे तिच्या दस्तऐवजात म्हटले आहे. याचा दुसरा अर्थ असा की, ‘एन्क’ने कूटबद्ध केलेल्या फाइलीला फेरफारापासून संरक्षण नसते; ते वेगळे योजावे लागते.

हा पेच केवळ पुस्तकी नाही. २०१८ मध्ये ‘ईफेल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पडताळणी पूर्ण होण्यापूर्वी बाहेर पडलेला मजकूर वापरणाऱ्या अनेक ईमेल प्रणालींतील कूटबद्ध पत्रे कशी उघड करता येतात, हे दाखवण्यात आले होते.

यावरचा उपाय आपल्याला रोखपालाच्या खिडकीतच सापडतो. नोटांच्या प्रत्येक पाकिटावर कागदी पट्टी असते आणि मोजणाऱ्याची सही असते. पट्टी पाहिली की ते पाकीट स्वीकारता येते. पूर्ण तिजोरी मोजून होईपर्यंत थांबावे लागत नाही. एज हे साधन नेमके हेच करते. फाइलीचे ६४ केबीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर १६ बाइटांचा स्वतंत्र शिक्का उमटवते. प्रत्येक तुकड्याचा अनुक्रमांक त्या शिक्क्यात गुंफलेला असतो, त्यामुळे तुकड्यांची अदलाबदल करता येत नाही. शेवटच्या तुकड्यावर ‘हा अखेरचा’ अशी खूण असते, त्यामुळे शेपूट कापलेली फाइल पूर्ण म्हणून खपवता येत नाही. आमच्या तीन जीबीच्या फाइलीचे ४९,१५२ तुकडे होतील आणि सर्व शिक्क्यांचा एकत्रित भार अवघा ७६८ केबी असेल. इतक्या अल्प मोबदल्यात मेज लहान राहते आणि विश्वासही टिकतो. जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनपीजीपीच्या नव्या मानकानेही तुकड्यागणिक शिक्क्याची हीच दिशा स्वीकारली असून तुकड्याची कमाल मर्यादा चार एमबी ठेवली आहे.

फसवा आकडा

मोठी फाइल कूटबद्ध करताना स्मृतीचा तक्ता उघडून पाहिल्यास कधी कधी सर्व स्मृती भरल्यासारखी दिसते आणि मनात धास्ती उत्पन्न होते. अशा वेळी आकडे नीट वाचावेत. संगणकप्रणाली डिस्कवरून नुकताच वाचलेला मजकूर, पुन्हा लागेल या अपेक्षेने, रिकाम्या स्मृतीत ठेवून देते. दुसऱ्या कोणास जागा हवी झाली की ती तत्काळ रिकामी करते. कामाच्या वेळी मेजाच्या कडेला ठेवलेल्या वह्यांसारखी ही जागा आहे. ती अडवलेली नसते. म्हणून लिनक्सवर ‘फ्री’ या आज्ञेच्या तक्त्यात रिकाम्या स्मृतीचा नव्हे, तर उपलब्ध स्मृतीचा रकाना पाहावा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमधील त्या विशिष्ट कार्यक्रमासमोरचा आकडा पाहावा.

मोजून पाहण्याची रीत

एखादे साधन प्रवाही पद्धतीने चालते की संपूर्ण फाइल मागते, हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. पुढील प्रयोग कोणालाही करता येईल. १००, २०० आणि ४०० एमबीच्या तीन निरुपयोगी फाइली घ्याव्यात आणि त्याच साधनाने एकेक कूटबद्ध करावी. लिनक्सवर सविस्तर पर्यायासह ‘टाइम’ ही स्वतंत्र आज्ञा वापरल्यास कार्यक्रमाने व्यापलेली कमाल स्मृती शेवटी छापून येते. समजा, तिन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखाच आला, तर साधन प्रवाही आहे. मग तो आकडा दहा एमबीचा असो वा अडीचशेचा. समजा, फाइल दुप्पट केल्यावर आकडाही दुप्पट झाला, तर ते साधन मोठ्या फाइलीसाठी नाही, हे निश्चित समजावे. हाच प्रयोग फाइल उलगडतानाही करावा. पाऊण तासाच्या या श्रमाने पतसंस्थेचे अकरा दिवस वाचले असते.

कामाची शिस्त

साधनाची निवड योग्य झाली तरी कामाची शिस्त हवीच. बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, हा जुना दंडक येथेही उपयोगी पडतो.

प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काम सफल. अन्य कोणताही अंक म्हणजे काहीतरी चुकले. लिनक्सवर १३७ हा अंक दिसला, तर कार्यक्रम सक्तीने बंद केला गेला असे समजावे. स्मृती संपल्याची ती नेहमीची खूण आहे. आज्ञावलीत पुढची ओळ मागच्या ओळीच्या यशावर अवलंबून ठेवता येते आणि ती तशी ठेवलीच पाहिजे. अनेक फाइली एकत्र करणाऱ्या आज्ञेची निर्गत थेट कूटबद्ध करणाऱ्या आज्ञेला नळीने जोडली, तर मधली मोठी फाइल निर्माणच होत नाही. लिनक्समध्ये या नळीची क्षमता सहसा ६४ केबी असते, त्यामुळे स्मृतीवर भार येत नाही. मात्र अशा जोडणीत सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच अंक हाती येतो. पहिली मध्येच कोलमडली तरी शेवटची ‘शून्य’ सांगते. बॅशमधील ‘पाइपफेल’ ही सोय चालू केल्यास हे टळते.

मूळ फाइल पुसण्यापूर्वी कूटबद्ध फाइल एकदा उलगडून पाहावी. दोन्हींचे शा-२५६ ठसे काढून ते तंतोतंत जुळतात की नाही ते तपासावे. हा ठसा काढण्याचे कामही प्रवाही पद्धतीनेच होते, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी स्मृतीचा प्रश्न येत नाही. उलगडून पाहणे शक्यतो घेणाऱ्याच्या क्षमतेच्या संगणकावर करावे.

डिस्कचा प्रकारही पाहावा. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. अशा वेळी दोष कूटबद्धीकरणाला लावण्यात येतो, वास्तविक तो आखणीचा असतो.

परवलीचे वाक्य आज्ञेच्या ओळीतच लिहू नये, कारण ती ओळ संगणकाच्या इतिहासात नोंदली जाते आणि चालू कार्यक्रमांच्या यादीतही दिसू शकते. साधनाला ते विचारू द्यावे. तसेच कोणते साधन, कोणती आवृत्ती आणि कोणते पर्याय वापरले, याची नोंद करून ठेवावी. ओपनएसएसएलने २०१६ मधील १.१.० या आवृत्तीत किल्ली तयार करण्याची मूळ पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आवृत्तीने बंद केलेली फाइल योग्य पर्याय दिल्यावाचून नव्या आवृत्तीने उघडत नाही. नोंद नसेल तर परवलीचे वाक्य बरोबर असूनही फाइल बंदच राहील.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगावयाची आहे. स्मृती अपुरी पडू लागली की संगणक तिच्यातील काही भाग डिस्कवरील राखीव जागेत हलवतो. संपूर्ण फाइल स्मृतीत घेणाऱ्या साधनाच्या बाबतीत हा भाग मूळ, उघडा मजकूर असू शकतो. जो मजकूर गुप्त ठेवण्यासाठी हा खटाटोप केला, त्याचेच अंश डिस्कवर उघडे राहण्याचा संभव असतो. जीपीजीसारखी साधने निदान किल्ल्या अशा तऱ्हेने डिस्कवर जाऊ नयेत म्हणून स्मृतीचा छोटासा भाग कुलूपबंद करून ठेवतात. म्हणजे कमी स्मृतीत काम करणे हे केवळ काटकसरीचे लक्षण नसून सावधगिरीचेही आहे.

समारोप

ग्राहकांची माहिती ही आता केवळ नैतिक जबाबदारी राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात सुरक्षेची वाजवी तजवीज न करणाऱ्यांसाठी २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पण माहिती चोरीला जाऊ न देणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती आपल्याच हातून नष्ट होऊ न देणेही महत्त्वाचे आहे. जी फाइल कोणालाच उघडता येत नाही ती गुप्त असली तरी सुरक्षित म्हणता येणार नाही.

त्या पतसंस्थेतील आज्ञावली आता बदलण्यात आली आहे. तिच्यात दोनऐवजी पाच ओळी आहेत. फाइल तुकड्यातुकड्याने कूटबद्ध होते, पुन्हा उलगडली जाते, ठसे जुळवले जातात, ताळा बसल्याची नोंद लिहिली जाते, आणि मूळ फाइल पुसण्याची ओळ त्यांतून काढून टाकलेली आहे. ते काम आता लेखापरीक्षकांची पोच आल्यावर एक जबाबदार व्यक्ती स्वतःच्या हाताने करते. संगणक तोच आहे, स्मृती तेवढीच आठ जीबी आहे, आणि यंदाची फाइल पाच जीबीची होती. ती निर्विघ्न पोहोचली आणि उघडलीही.

पाकीट मोजून, सही करून, मगच पुढचे पाकीट हाती घ्यावे, ही शिकवण प्रत्येक रोखपालाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मिळते. मोठ्या फाइली हाताळताना तिची आठवण ठेवली तरी पुष्कळ झाले.